अजाबरावांचं स्वरचित मंगलाष्टक

अमरावतीच्या कवींना दोन गोष्टींची धास्ती असायची. एक, ऐन कवितेत माईक बंद पडण्याची. आणि दुसरी, कविता संपताच अजाबराव भुयार उठण्याची. पहिलीचं एवढं काही नाही, कारण आमच्याकडचा कवी माईक असला तरी ओरडूनच कविता म्हणतो. पण अजाबराव उठले की त्या कवीनं मुकाट्यानं खाली बसायचं आणि खिशातला रुमाल काढायचा, एवढंच त्याच्या हाती उरे.

अजाबराव विडंबनं करायचे. तसा हा माणूस एसटीतला, वाहतूक नियंत्रक. नोकरीची बहुतेक वर्षं अमरावतीच्या स्टँडवर खिडकीमागे बसून गाड्या पुकारण्यात गेली. ‘तेल्हाऱ्याकडे जाणारी’ हे शब्द ते असे काही म्हणत की तेल्हाऱ्यात काडीचं काम नसलेल्या माणसालाही गाडीत चढून बसावंसं वाटे. रिटायर झाल्यावर तो आवाज रिकामा पडला. घरात त्याचा उपयोग नव्हता, कारण रुख्मिणीबाई त्यांना घरात फार बोलू देत नसत. मग त्यांनी तो आवाज ‘ओंजळ काव्य मंडळा’त नेला.

मंडळ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका वाचनालयाच्या माडीवर भरे. अजाबराव शेवटच्या खुर्चीत डोळे मिटून सुपारी चघळत बसत. नवख्या माणसाला वाटे, काका झोपले. पण समोरचा कवी श्वास कुठे घेतो, कोणत्या शब्दावर मान तिरपी करतो, टाळी मिळाली नाही तर तीच ओळ पुन्हा कशी म्हणतो, हे सगळं त्या मिटल्या डोळ्यांआड नोंदलं जात असे. कविता संपली की टाळ्या थांबायच्या आत अजाबराव माईकपाशी. म्हणत, "याच चालीवर दोन ओळी माह्याही ऐका."

आरतीताईंचंच घ्या. बाई शाळेत गणित शिकवायच्या, बेरीज चुकलेली त्यांना खपत नसे. पण कवितेत त्यांचं चंद्राशिवाय पान हलत नसे. चंद्र परसात, चंद्र उशाशी, चंद्र पदरात. एका रविवारी त्यांचा चंद्र मावळतो न मावळतो तोच अजाबराव लाजत लाजत, थेट आरतीताईंसारखी बोटं नाचवत म्हणाले:

सख्या, तू येशील म्हणून मी चंद्र निवडत बसले,
खडे काढले बाजूला, मग चांदणे पाखडून घेतले!

माडी हसून हसून खाली येते की काय असं झालं. त्या दिवसापासून आरतीताईंच्या घरी जेवताना भातात खडा लागला की त्यांचे यजमान म्हणू लागले, "आज चंद्र नीट निवडला नाही वाटते." यावर त्यांच्याकडे बराच अबोला झाला, असं म्हणतात.

शिवम इंगोले हा तरुण कवी. नांदगाव पेठेत एका कापड कारखान्यात रात्रपाळी करायचा, त्यामुळे असेल, त्याच्या कवितेत दिवस कधी उगवतच नसे. एका ओळीत एक शब्द, आणि दोन शब्दांच्या मध्ये एवढी विश्रांती की तेवढ्यात माणूस खाली जाऊन चहा पिऊन येईल. अजाबरावांनी त्याच्यासारखीच हनुवटी छातीला लावली आणि खर्जात सुरू केलं:

अंधार.
अंधारात
मी.
माझ्यात
अंधार.
कोणीतरी
मेन स्विच
पाहा.

शिवमनं पुढच्या दोन बैठकांना तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या बैठकीला आला तो फुलपाखरावर कविता घेऊन, पण तेही फुलपाखरू शेवटी अंधारातच गेलं.

तिसरे बद्रुद्दीन. इतवारा बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि गळ्यात मराठी गझल. शेर दोनदा म्हणायचा, मग दाद येईपर्यंत छताकडे बघत थांबायचं, आणि शेवटच्या शेरात ‘बद्र’ म्हणून आपलं नाव गुंफायचं, ही त्यांची रीत. अकोल्याच्या एका मैफलीत त्यांचा जोडा चोरीला गेला होता, तेवढ्यावर अजाबरावांनी गझल रचली:

गेलीस तू अन् संगती गेला यकीन माझा,
मैफलीतून कोणी नेला जोडा नवीन माझा!

बाकीचे कवी विडंबन झालं की आतल्या आत चरफडत. बद्रुद्दीन तेवढे मांडीवर थाप मारून हसत आणि वर "मुकर्रर!" म्हणून तेच पुन्हा म्हणायला लावत. त्यातूनच दोघांची गाढ दोस्ती जमली.

आता एवढ्या वर्षांत कोणी अजाबरावांना "तुमची एखादी स्वतःची कविता म्हणा" असं म्हटलं का? नाही. आणि अजाबरावांना तरी त्याची आठवण झाली का? तीही नाही. तयार भाजीला फोडणी देण्यात त्यांचं मजेत चाललं होतं.

पण त्यांची एकुलती एक लेक रागिणी हिचं लग्न ठरलं. नवरदेव अकोल्याचा, पियुष. मुलगा गुणाचा, माणसं चांगली, सगळं बैजवार जुळलं. पत्रिका छापायला द्यायची वेळ आली, तेव्हा रागिणीनं वडिलांना न विचारताच तीत एक ओळ घातली. छापून आलेली पत्रिका हातात घेऊन अजाबराव चष्मा सारखा करत राहिले. मुहूर्ताच्या खाली ठळक अक्षरांत होतं: ‘वधूपित्याचे स्वरचित मंगलाष्टक’.

"हे काय काढलं व माय? मंगलाष्टकं भटजी म्हणते ना!"

"भटजीचं मले नाई पायजे," रागिणी म्हणाली. "साऱ्या अमरावतीच्या नकला केल्या तुमी. माह्या लग्नात तुमचं स्वतःचं म्हणा. आठ नका म्हणू, एकच म्हणा. पण तुमचं."

"हात्तीच्या! चहा ठेव, उकळेपर्यंत लिहून देतो."

चहा उकळला, गाळला, निवला. मंगलाष्टक झालंही होतं. रागिणीनं कागद हातात घेतला. पहिल्या ओळीत चंद्र उगवला होता आणि दुसऱ्या ओळीत तो मांडवात येऊन पाटावर बसला होता.

"हे आरतीमावशी," रागिणी म्हणाली आणि कागद परत दिला.

अजाबराव हसले. सवयीनं झालं, म्हणाले. दुसऱ्या दिवशी चंद्र कटाक्षानं टाळून त्यांनी लिहिलं:

सनई.
सनईत
शांतता.
शांततेत
वरमाय.

"हे शिवमदादा. अन् सासूबाईनं आयकलं तं काय म्हणतीन?"

तिसऱ्या खेपेला अजाबरावांनी चांगली रसाळ, सुरात म्हणता येईल अशी रचना केली. रागिणी वाचत गेली, मान डोलावत गेली, आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिथं ‘बद्र म्हणे’ असं होतं.

"हे तं बद्रूचाचा. सहीसकट!" रुख्मिणीबाई स्वयंपाकघरातून हसल्या. रागिणी मात्र या वेळी हसली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि हळूच विचारलं, "बाबा, याच्यात तुमी कुठी हा?"

हे मात्र अजाबरावांना लागलं. त्यांनी खोली लावून घेतली. कागदामागून कागद फाडले. एकदा तर डोळे मिटून, कोणाचीच आठवण येऊ न देता, जे येईल ते लिहायचं ठरवलं, तेव्हा आलं ते असं: ‘कृपया इकडे लक्ष द्यावे. वधू मांडवात लागलेली आहे.’ तो आवाज एसटी महामंडळाचा होता, त्यांचा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच आवाजाची भीती वाटली, आणि लाजही वाटली. जगाच्या खोड्या काढणाऱ्या माणसाला आपल्या एका लेकीसाठी चार ओळी लिहिता येऊ नयेत, याचं त्यांना फार वाईट वाटलं. जेवण कमी झालं. रुख्मिणीबाईंना वाटलं, लेक चालली म्हणून असेल. त्यांनी नवऱ्याला दोन दिवस आवडीची वांग्याची भाजी करून घातली. फरक पडला नाही.

लग्नाच्या चुड्यासाठी मायलेकी बद्रुद्दीनच्या दुकानात गेल्या, तेव्हा अजाबरावही सोबत गेले. बद्रुद्दीननं रागिणीच्या मनगटाचा अंदाज घेऊन हिरव्या बांगड्यांचे डबे पुढ्यात मांडले आणि चुडा भरायला आपली सून नाजिया हिला बसवलं. अजाबरावांनी बद्रुद्दीनना बाहीला धरून मागच्या गाळ्यात नेलं.

"बद्रू, मले कविता येत नाई गा."

"क्या बोल रहे भाऊ? मंडळात तं तुमी..."

"ते तुमच्या कविता हायेत. तुमी म्हणता म्हणून मी म्हणतो. माही एक ओळ निंगून नाई राहिली. पत्रिकेत छापून बसली पोट्टी. आता काय करू?"

बद्रुद्दीनना हसू फुटलं, आणि ते एवढं वाढलं की मागच्या फळीवरच्या काचेच्या बांगड्या किणकिणायला लागल्या.

"म्हणजे इतके साल आमी कविता न येणाऱ्याच्या हातचा मार खाऊन राहिलो होतो?"

"हासू नको. अन् कोणाले सांगू नको. तुले माही आन हाय."

"अल्लाकसम भाऊ, कोणालेच नाई."

बद्रुद्दीन शब्दाचे पक्के होते. दिवे लागेपर्यंत त्यांनी फक्त आरतीताईंना आणि शिवमला सांगितलं.

लग्न बडनेरा रोडवरच्या एका लॉनवर होतं. अकोल्याचं वऱ्हाड आलं ते मुहूर्त उलटून गेल्यावर, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मांडवात पंखे होते, पण त्यांचं तोंड नवरदेवाकडच्या मंडळींकडे फिरवलेलं होतं. वधू-वर उभे राहिले, मध्ये अंतरपाट धरला, लोकांच्या मुठीत अक्षता आल्या. भटजींनी दोन मंगलाष्टकं म्हटली. मग नवरदेवाच्या मामानं माईक ओढला आणि तो काही केल्या सोडेना. प्रत्येक ‘सावधान’ला लोक अक्षता टाकत गेले, शेवटी मुठी रिकाम्या झाल्या आणि मागच्या रांगेतली पोरं खाली पडलेले तांदूळ उचलून परत टाकू लागली.

अजाबरावांच्या कोटाच्या खिशात एक कागद होता. नाइलाजानं त्यांनी पहिलाच खर्डा काढून त्यातला चंद्र खोडला होता आणि तिथं सूर्य घातला होता. रागिणीला कळणार हे त्यांना ठाऊक होतं. ती सगळ्यांसमोर काही म्हणणार नाही, मान खाली घालून उभी राहील, हेही त्यांना ठाऊक होतं.

"आता वधूपित्याचे स्वरचित मंगलाष्टक!" कोणीतरी पुकारलं.

अजाबराव उठले. ते माईकपर्यंत पोचायच्या आत तिथं आरतीताई उभ्या होत्या, जरीच्या साडीत, शेजारी शिवम आणि बद्रुद्दीन.

"वधूपिता आज भावुक झालेले आहेत," आरतीताई म्हणाल्या. "म्हणून त्यांच्या वतीनं, त्यांच्याच शैलीत, आम्ही ‘ओंजळ’चे कवी त्यांचं मंगलाष्टक सादर करतो." आणि तिघांनी मिळून, मोठ्या कष्टानं वृत्तात बसवलेलं, खड्या आवाजात म्हणायला सुरुवात केली:

आहे कोण इथे कवी न सुटला माझ्या विनोदातुनी,
मारी मी टपली, हसून म्हणतो, ‘घ्या राग ना हो मनी!’
लेकीच्या लगनी परंतु सुचली नाही मला ओळही,
गाडी ती सुटली, उभाच उरलो, कुर्यात् सदा मंगलम्!

मांडव फुटेल असा हशा पिकला. स्टँडवरचे जुने कंडक्टर-ड्रायव्हर आले होते, ते खुर्च्यांवर उड्या मारायला लागले. अजाबरावांच्या हातचा मार खाल्लेले मंडळाचे सगळे कवी तर डोळे पुसत होते. नवरदेवाच्या आईनं शेजारच्या बाईला विचारलं, "म्हणजे याईले खरंच एकबी ओळ सुचली नाई काय?" आणि ते माईकच्या जवळ असल्यानं सगळ्यांना ऐकू गेलं.

अजाबरावांचे कान तापले. त्यांनी रागिणीकडे पाहिलं. साऱ्या मांडवात तेवढी एक हसत नव्हती. अंतरपाटाच्या काठाशी तिची मान झुकलेली होती.

मग काय झालं ते अजाबरावांना नंतरही नीट सांगता आलं नाही. ते तीन ढांगांत स्टेजवर गेले आणि त्यांनी आरतीताईंच्या हातचा माईक हिसकून घेतला.

"थांबा! हे माहं नाई!"

हशा अर्धवट तुटला.

"हे माहं नाई," अजाबराव संतापानं म्हणाले. "‘घ्या राग ना हो मनी’? मी मेलो तरी ‘मनी’ म्हणणार नाई! अन् ‘लगनी’ काय हाय? माह्या बापानं कधी लगनी लावली? मी असं लिहीत नाई!"

आरतीताईंचा चेहरा पडला. "किती मेहनत घेतली आम्ही," त्या पुटपुटल्या. लघु-गुरू जुळवताना त्यांनी फळ्यावर गणितं मांडतात तशी आकडेमोड केली होती बिचारीनं.

"असं नाई लिहीत, तं कसं लिहिता भाऊ?" बद्रुद्दीन बाजूनं म्हणाले. "म्हणून दाखवा ना!"

"कसं म्हणजे? हे असं!" अजाबराव गरजले, आणि लेकीकडे वळले. खिशातला कागद त्यांना आठवलाही नाही. सूर नाही, ताल नाही. घरात रोज सकाळी ज्या आवाजात तिच्यावर खेकसत, त्याच आवाजात ते म्हणत गेले:

मोटर लावून विसरे पोट्टी, वाहून जाये टाकी,
मी ओरडे, माय हासे, अंगणात चिखल बाकी.
उद्यापासून मोटर माही, मीच बंद करीन,
कोरड्या अंगणात उभा राहून कोणावर ओरडीन?

शेवटच्या शब्दावर आवाज चिरकला. ज्या आवाजानं एकाच वेळी सात गाड्या पुकारल्या होत्या, तो अर्ध्यात बसला, आणि अजाबराव माईक हातात धरून वेड्यासारखे उभे राहिले.

भटजी ‘सावधान’ म्हणायला तोंड उघडून उभे होते, ते तसेच राहिले. आपलं मंगलाष्टक कसं झालं हे ज्याला त्याला विचारत फिरणारा नवरदेवाचा मामा खाली बसला. रुख्मिणीबाई मांडवाच्या खांबाला धरून पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या, "दोनदा तं हेबी विसरले होते मोटर." पण ते त्यांनी भांडणाच्या सुरात म्हटलं नाही.

"मुकर्रर!" बद्रुद्दीन ओरडले. "भाऊ, मुकर्रर!"

"काका," शिवम नाक पुसत म्हणाला, "‘कोणावर’च्या नंतर एक मोठा पॉज पायजे होता."

अजाबरावांचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ते नापास झालेल्या पोरासारखे अंतरपाटाकडे पाहत होते. रागिणीनं मान वर केली. ती रडत होती आणि हसतही होती, काजळ गालावर आलं होतं. हातातली माळ सांभाळत, नाक ओढत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"हे बाबा."